मुलीला नऊ दिवस सुट्टी, बापाला एक, आईला एकही नाही

नोव्हेंबर संपत आला की शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडतो, २४ डिसेंबर ते १ जानेवारी नाताळची सुट्टी, शाळा २ तारखेला नेहमीच्या वेळेत. दोन दिवसांनी पाळणाघरवाल्या ताईंचा मेसेज येतो की आमच्याकडेही त्याच तारखांना बंद राहील, पालकांनी आपापली सोय करावी. आपापली सोय करावी, एवढं वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. ताईंवर माझा अजिबात राग नाही, त्यांना स्वतःचं घर आहे, घरात सण आहे, वर्षभर दुसऱ्यांची बारा-चौदा पोरं सांभाळणाऱ्या बाईने आठ-नऊ दिवस दार बंद ठेवलं तर तिचं काही चुकत नाही. शाळेवरही राग नाही. राग याचा येतो की शाळा बंद, पाळणाघर बंद, मूल घरी राहणार हे सगळ्यांना माहीत, आणि त्या मुलाजवळ घरी कोण थांबणार हे विचारायची गरज मात्र कुणालाच वाटत नाही.

आम्ही वसईचे. मी अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, आमचे क्लायंट बहुतेक बाहेरच्या देशातले. बायको खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. लेक साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत. घर ख्रिस्ती, त्यामुळे नाताळ म्हणजे आमची दिवाळीच. पण मी जे म्हणतोय ते फक्त ख्रिस्ती घरांपुरतं नाही हे आधीच सांगून टाकतो. तिच्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं हिंदू आहेत, चार-पाच मुसलमान आहेत, सुट्टी सगळ्यांना सारखीच नऊ दिवस, आणि त्यांच्या आईबापांची तर आमच्याहून जास्त पंचाईत कारण आम्ही निदान साहेबांना "सर, आमचा सण आहे" असं म्हणू तरी शकतो, त्यांनी काय कारण सांगायचं?

आता जरा हिशोब करू, कारण तो केल्याशिवाय हे दुखणं कुठलं आहे ते कळत नाही. आपल्या राज्याच्या शिक्षण विभागाचं सुट्ट्यांचं परिपत्रक निघतं, त्यात वर्षाच्या एकूण सुट्ट्या ७६ दिवसांच्या वर जाऊ नयेत असं सांगितलेलं असतं, आणि दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी थोडी कमी करून ते दिवस गणपतीला किंवा नाताळला वळवायची मुभा असते, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने. म्हणून एकाच गल्लीत दोन तऱ्हा दिसतात. आमच्या लेकीला नाताळात नऊ दिवस आणि दिवाळीला तेवढे कमी, आणि समोरच्या घरातला मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो त्याला २५ तारखेचा एकच दिवस. म्हणजे शाळांना आपल्या मुलांचा सण बघून दिवस हलवायची सोय आहे, ती चांगलीच आहे, मी तिच्या बाजूचाच आहे.

आईबापाच्या बाजूला काय आहे? महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापनांचा कायदा आहे, आधी दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांना तो लागू होता, २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस किंवा जास्त कामगार असलेल्यांना. त्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत, चार ठरलेल्या म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, आणि उरलेल्या चार मालकाने आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायच्या. म्हणजे सरकारी कचेऱ्या आणि बँका २५ डिसेंबरला बंद असल्या तरी खाजगीत तो दिवस मिळेलच असं नाही, तो त्या चारात बसला तर मिळणार. शिवाय आठ सीएल म्हणजे किरकोळ रजा, त्या तीन-तीन महिन्यांनी खात्यात पडतात आणि वर्ष संपेपर्यंत घेतल्या नाहीत तर गेल्या. आणि पीएल म्हणजे कामाच्या दिवसांवर साठणारी पगारी रजा, वर्षाला २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांना एक. आता लहान मूल असलेल्या घरात हे कसं संपतं ते ज्यांच्या घरात आहे त्यांना विचारा. मुलाला दोनदा ताप, एकदा उलट्या, आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन, एक लग्न, एक मयत. डिसेंबर उजाडतो तेव्हा खात्यात दोन-तीन दिवस उरलेले असतात, आणि ते लॅप्स होऊ नयेत म्हणून सगळं ऑफिस एकदमच अर्ज टाकतं आणि साहेब म्हणतात, अरे सगळ्यांना एकदम कसं सोडू.

यावर माझं म्हणणं असं की मुंबईच्या ऑफिसांना सगळ्यांना एकदम सोडता येतं, ती दरवर्षी सोडतात. गणपतीत काय होतं? कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते, एसटीच्या गाड्या भरभरून जातात, आमच्या ऑफिसातली अर्धी टेबलं चार-पाच दिवस रिकामी असतात आणि कुणी त्यावर मीटिंग घेत नाही. चाकरमान्याने गणपतीला गावी जायचं हे या शहराने गिरण्यांच्या काळापासून मान्य केलंय, त्यासाठी कुणाला हात जोडावे लागत नाहीत, साहेब स्वतःच जूनमध्ये विचारतो की यंदा किती दिवस जाणार, तिकीट काढलं का. मला याचा मनापासून आनंद आहे. त्या दिवसांत मी कोकणातल्या सहकाऱ्यांची कामं करतो, दिवाळीतही थांबतो, माझं काही बिघडत नाही. मग जी माणसं गणपतीचं कामाचं नियोजन एवढं व्यवस्थित करतात त्यांना नाताळच्या आठवड्यात अडचण यायचं कारण काय?

गेल्या वर्षी मी चार दिवस मागितले होते, २६ पासून पुढे. उत्तर आलं की क्वार्टर एंड आहे, जमणार नाही. आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, डिसेंबरअखेर ज्यांची पुस्तकं बंद होतात ते आमचे बाहेरचे क्लायंट, म्हणून मान खाली घालून गेलो. २६ तारखेला विरारवरून येणाऱ्या लोकलमध्ये चक्क बसायला जागा होती. ऑफिसात पोचलो, मेलबॉक्स उघडला. दिवसभरात सहा मेल. त्यातले चार आपोआप आलेले, मी रजेवर आहे, २ तारखेनंतर संपर्क करावा. ज्यांच्यासाठी मी आलो होतो ते सगळे आपापल्या घरी मुलांबाळांत बसले होते आणि तसं बसायलाच हवं होतं, त्यांच्यावर काय राग. पण दुपारी तीनच्या सुमाराला माझा फोन वाजला, आईचा नंबर. उचलला तर लेक, एकदम हळू आवाजात, "पप्पा, आजी झोपलीय, उठवू का? मला भूक लागलीय." मी म्हटलं उठव. तर म्हणते, "नको, तिचा पाय दुखतो." मग मी फोनवरून तिला सांगितलं की खालच्या फळीवर डबा आहे, त्यात बिस्किटं आहेत, आणि तिने मला ऐकू येईल असा डबा उघडला, दोन बिस्किटं खाल्ली, प्रत्येक बिस्किटाचा कुरकुर आवाज मी अंधेरीत बसून ऐकला. नंतर मला कॉम्प्युटरवरचे आकडे दिसेनात. ज्या कामासाठी मी तिथे बसलो होतो ते काम ५ जानेवारीलाही तसंच झालं असतं.

माझी आई ६९ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे गेलेत. तिने मला आणि माझ्या भावाला वाढवलं, वाडीतली भाजी टोपलीत घालून पहाटेच्या गाडीने मुंबईला नेऊन विकली, आणि आता तिने विश्रांती घ्यावी असं आम्ही दोघंही म्हणतो आणि डिसेंबरात पुन्हा साडेचार वर्षांचं वारं तिच्या ताब्यात देतो. ती कधी नाही म्हणत नाही, तेच जास्त लागतं. आपल्याकडे मालकांपासून सरकारपर्यंत सगळ्यांनी धरूनच ठेवलंय की घरात आजी आहे. ज्यांची आजी गावी आहे, आजारी आहे, नाहीच आहे, किंवा स्वतःच अजून चार घरची धुणीभांडी करते, त्यांनी काय करायचं? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी त्यांच्या नातीला सोबत घेऊन येतात, ती आमच्या पायरीवर बसून वाट बघत असते.

आणि मग मोबाईल येतो. आजी थकली की मोबाईल. याबद्दल आजीला दोष देणं मला बरोबर वाटत नाही, तिच्याकडे दुसरं काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शन काढलं, त्यात तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, त्याहून कमी तर अजून चांगलं, आणि दिवसभरात किमान तीन तास हालचाल हवी, असं सांगितलंय. आमच्या लेकीचं २६ ते ३१ मध्ये बरोबर उलटं झालं होतं. तीन तास मोबाईल आणि हालचाल कॉटवरून गॅलरीपर्यंत. शाळा सुरू झाली तेव्हा सकाळी उठेना, डबा खाईना, बाईंनी विचारलं सुट्टीत काय केलं तर म्हणाली कार्टून. आम्ही येशूजन्माचा गोठा केला होता, कुलकुल म्हणजे नाताळचा तळलेला गोड पदार्थ केला होता, मामाकडे रात्री शेकोटी झाली होती, पण दिवसांच्या हिशोबात तिला आठवलं ते कार्टून, कारण तेच जास्त वेळ होतं.

कुलकुलवरून आठवलं, ते जरा सविस्तर सांगतो. नाताळच्या आधीच्या रविवारी आम्ही कुलकुल करायला बसतो. मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, अंडं, पीठ मळून झाकून ठेवायचं, मग बोराएवढी गोळी काट्याच्या चमच्यावर दाबून पसरायची आणि खालून वर गुंडाळत आणायची म्हणजे शिंपल्यासारखी वळी पडतात. माझ्या आईच्या लहानपणी नवी कोरी फणी आणायचे त्यासाठी. मी एका मिनिटाला सात-आठ करतो. लेकीला एका कुलकुलाला पाच मिनिटं लागतात. ती आधी गोळीशी बोलते, मग ती गोळी चपटी करते, मग ती तिला आवडत नाही म्हणून परत गोळी, मग काट्यावर चिकटते, मग पप्पा सोडवा. आणि या पाच-पाच मिनिटांच्या मध्ये ती काय काय सांगते! शाळेत कोण रडलं, कोणाच्या डब्यात रोज मॅगी असते, व्हॅनमधले काका कुठलं गाणं लावतात, आणि एकदा मान वर न करता म्हणाली की दुपारी पाळणाघरात झोपायची वेळ झाली की मला मम्मीचा वास आठवतो. वर्षभर मी रोज रात्री विचारतो आज काय झालं शाळेत, उत्तर येतं काही नाही. ती असं विचारून सांगत नाही. दोन तास हात पिठात असले, कुणाला कुठे जायची घाई नसली, की आपोआप बाहेर पडतं. म्हणून मला नाताळचे हे दिवस हवेत, मॉल दाखवायला नकोत.

मॉलचं निघालंच आहे तर सांगतो. शाळेतून दरवर्षी सूचना येते, लाल कपडे, सांताची टोपी, आणि घरून एक गिफ्ट रॅप करून गुपचूप पाठवा म्हणजे शाळेत सांता ते वाटेल. आम्ही पाठवतो, मुलं खूश होतात, ठीक आहे. पण आमच्या वसईत नाताळ म्हणजे सांता असं माझ्या लहानपणी नव्हतं. संत निकोलस खरंच होऊन गेले, चौथ्या शतकात मायरा गावचे बिशप, त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो. आमच्याकडे नाताळच्या आधीचे, आगमन काळाचे चार रविवार, गोठा, नक्षत्र, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, आणि शेजारीपाजारी ताटं पोचवणं, यात पोरांना भरपूर काम असायचं आणि ते सगळं घरातल्या मोठ्या माणसांबरोबर असायचं. आता मोठी माणसं नाहीत म्हणून तो वेळ भरायला सांता, विंटर कॅम्प, प्ले झोन असं सगळं विकत मिळतं. गेल्या वर्षी २८ तारखेच्या संध्याकाळी अपराधी वाटून आम्हीही लेकीला प्ले झोनला नेलं. तिथे चेंडूंच्या हौदाजवळ उभी असलेली मुलगी, पंचविशीची असेल, लेकीचा हात धरून तिला आत-बाहेर करत होती, खूप प्रेमाने. बायकोने सहज विचारलं तेव्हा कळलं तिला तीन वर्षांचा मुलगा आहे, तो नालासोपाऱ्याला शेजारणीकडे असतो, आणि या आठवड्यात सीझन म्हणून कुणालाच साप्ताहिक सुट्टी नाही. परतताना रिक्षात आम्ही दोघंही गप्प होतो. आमच्या मुलीच्या सुट्टीसाठी तिच्या मुलाची आई कामावर होती.

म्हणून मला "सगळ्यांनी सुट्टी घ्या, सगळं बंद ठेवा" असं म्हणायचं नाही. माझी बायको नर्स आहे, मी असं म्हणूच शकत नाही. पेशंटला नाताळ कळत नाही. गेल्या वर्षी २४ तारखेची नाईट तिला लागली, रात्री आठ ते सकाळी आठ, तिच्या वॉर्डात अर्ध्या नर्स ख्रिस्ती, कुणाला तरी लागणारच होती आणि ती गेली, कुरकुर न करता गेली. माझी तक्रार एवढीच की त्याच्या आधीच्या वर्षीही तिलाच लागली होती, रोस्टर तीन दिवस आधी कळला, आणि नाईट संपवून २५ ला सकाळी आलेल्या बाईला २६ ला पुन्हा मॉर्निंग होती. म्हणजे २५ तारीख कागदावर सुट्टी आणि प्रत्यक्षात नाईटची झोप. हे हॉस्पिटल चालवायला गरजेचं होतं का? लहान मुलाच्या आईला सलग दोन वर्षं तीच रात्र न देणं, रोस्टर महिनाभर आधी लावणं, नाईटनंतर दोन दिवस मोकळे ठेवणं, यात पैसाही लागत नाही, फक्त रोस्टर लावणाऱ्याने त्या घरातल्या मुलाचा विचार करायला हवा.

त्या रात्रीचं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे गोठा आधी लावतात पण बाळयेशूची मूर्ती रात्री मिस्सावरून आल्यावर ठेवतात. मी आणि आई लेकीला घेऊन चर्चला गेलो, ती गाण्यांपर्यंत जागी होती, मग माझ्या खांद्यावर झोपली. घरी आलो तेव्हा जागी झाली आणि मूर्ती हातात घेऊन म्हणाली, मम्मी आल्यावर ठेवायचा. मी म्हटलं अगं जन्म झाला ना आत्ता, आजीनेही सांगितलं की रिकामा गोठा बरा दिसत नाही. नाहीच ऐकलं. बोटाएवढा तो बाळयेशू तिने मुठीत धरला आणि तसाच घेऊन झोपली. सकाळी पावणेनऊला बायको आली, युनिफॉर्ममध्येच, डोळे लाल, चपला काढायच्या आधी लेकीने तिला ओढत गोठ्याकडे नेलं आणि दोघींनी मिळून तो गवतावर ठेवला. बायको तिथेच जमिनीवर बसली आणि बसल्या जागी भिंतीला टेकून झोपून गेली, लेक तिच्या मांडीवर. मी चहा केला होता तो कुणीच प्यायला नाही.

कायद्यात काहीच नाही असंही नाही. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय असलीच पाहिजे, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येता आलं पाहिजे असं आलं. खूप मोठी गोष्ट झाली ती. पण बायकोच्या हॉस्पिटलात त्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि सलाईनचे स्टँड ठेवलेत, आणि अशा खोल्या ओळखीतल्या इतरांनीही मला सांगितल्यात. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बायकांना आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या बापांना नोकरीभरात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, मुलाच्या जन्माच्या वेळी बापाला १५ दिवस आहेत. खाजगीतल्या बापाला कायद्याने काय मिळतं? शून्य. कंपनीने दिली तर दिली. आणि हे शून्य फक्त रजेच्या खात्यात राहत नाही, ते लोकांच्या डोक्यात जाऊन बसतं. मी रजा मागायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न होता, "का रे, मिसेस नाहीत का घरी?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, चांगला माणूस आहे. पण मूल म्हटलं की आई, आई नसेल तर आजी, बाप कुठेच नाही, हे इतकं पक्कं आहे की बापाने चार दिवस मुलाजवळ थांबतो म्हटलं तर घरात काहीतरी झालंय असं वाटतं लोकांना.

ऑफिसात ज्यांना मुलं नाहीत त्यांचं एक म्हणणं मी ऐकलंय आणि ते मला पटतंही. दर वेळी पोरंबाळंवाले सुट्टीवर आणि आम्ही त्यांची कामं करायची, आमच्या आईवडिलांना कोण बघणार? बरोबर आहे. म्हणून मी फुकट मागत नाही. अदलाबदल करा. मी गणपती आणि दिवाळीत थांबतो, कुणाला ३१ डिसेंबर हवा असेल तर मी १ तारखेला सकाळी येतो, कुणाला वारीला जायचं असेल तर आषाढात त्याचं काम माझ्याकडे द्या. वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर मांडून ठेवा म्हणजे डिसेंबरात तोंडं बघायची वेळ येणार नाही. त्या चार सणाच्या सुट्ट्या मिळून ठरवायच्या असं कायदाच म्हणतो ना, मग एचआरने आपल्याच मनाने यादी लावायची आणि आपण मुकाट सही करायची हे आधी बंद करू. ज्यांची मुलं सहा वर्षांच्या आतली आहेत अशा आईला आणि बापाला, दोघांनाही, शाळेच्या मोठ्या सुट्टीत चार-चार दिवस रजा नाकारता येणार नाही एवढा नियम प्रत्येक कंपनीने करावा, आणि कंपन्या करत नसतील तर सरकारने करावा. दोघांनी पाठोपाठ घेतले तर आठ दिवस होतात, मध्ये रविवार धरला की नऊ दिवस निघतात. मी रजा वाढवूनही मागत नाही, माझ्याच खात्यातले दिवस मला लागतील तेव्हा मिळावेत एवढंच आहे.

आणि थोडं आपल्या लोकांनाही सांगतो, वसईतल्या. आपल्या प्रत्येक चर्चला हॉल आहे, अंगण आहे, कॉलेजची पोरंपोरी आहेत जी त्या आठवड्यात मोकळी असतात. गोठ्यांच्या स्पर्धा होतात, संध्याकाळचे कार्यक्रम होतात, सगळं छान, पण ते रात्री. सकाळी नऊ ते एक लहान मुलांसाठी हॉल उघडा. चित्रं काढू देत, मातीत खेळू देत, दोन-तीन मोठी माणसं लक्ष ठेवायला आळीपाळीने बसतील, मी माझ्या चारातला एक दिवस द्यायला तयार आहे. कुठल्याही धर्माचं मूल येऊ दे, सुट्टी सगळ्यांनाच आहे. आणि ज्या पाळणाघरवाल्या ताईंना त्या आठवड्यात दोन-तीन दिवस उघडणं जमत असेल त्यांना त्या दिवसांचे जास्त पैसे द्या, घासाघीस करू नका.

यंदा मी ऑगस्टमध्येच मेल टाकला होता, गणपतीच्या आधी, की मी तेव्हाही थांबतो आणि दिवाळीतही, मला २६ ते ३० द्या. २६ आणि २७ मंजूर झालेत, पुढचं बघू म्हणालेत. बायकोने मेट्रनना म्हणजे मुख्य नर्सना लेखी दिलंय की गेली दोन वर्षं २४ ची नाईट मी केली, यंदा दुसरी कुठलीही द्या. आईने नाचणी निवडून ठेवलीय. गोठ्यात हिरवळ म्हणून आम्ही ती मातीच्या थाळीत पेरतो, १२ तारखेच्या आसपास पेरली की २४ पर्यंत बोटभर वर येते. लेक रोज विचारते आज १२ आहे का. हॉस्पिटलचा रोस्टर अजून लागलेला नाही.